धरावयाचे आणि सोडावयाचे

देहाला कष्टविण्याचा अधिकार मनुष्याला कोठवर आहे, हा प्रश्न तपाच्या विचाराइतकाच जुना आहे. व्रत, उपवास, जागरण, पदयात्रा यांच्या मर्यादा ठरविताना आपल्या शास्त्रकारांनी त्याचा पुष्कळ ऊहापोह केला आहे. परंतु आज ज्यांना त्याची सर्वांत अधिक निकड आहे ते लोक शास्त्राच्या वाटेला सहसा जात नाहीत, कारण त्यांचे तप देवळात न चालता धावपट्टीवर, तालमीत आणि लोखंडी वजनांच्या सहवासात चालते, आणि त्यांना हा प्रश्न पडतो तोही तत्त्वाच्या रूपाने न पडता कपाळात उठलेल्या ठणक्याच्या रूपाने पडतो. अतिश्रमाने उठणारी ही डोकेदुखी सोसावी, दडपावी, की तिच्या भयाने श्रमच टाकून द्यावेत? वरवर पाहता हा वैद्याचा विषय आहे. पण वैद्याने आपले काम केल्यानंतरही त्यातला जो भाग शिल्लक राहतो तो धर्मविचाराचा आहे, आणि येथे मुख्यत्वे त्याच भागाचा परामर्श घ्यावयाचा आहे.

चाकूरच्या परिसरात उजाडण्यापूर्वी रस्त्याने निघाले म्हणजे हा प्रश्न पुस्तकातला राहत नाही. लातूरहून अहमदपूरमार्गे नांदेडकडे जाणाऱ्या सडकेच्या कडेने आणि गावोगावच्या मोकळ्या माळावर तरुणांच्या टोळ्या धावत असतात. कोणाला पोलीस भरतीत उतरावयाचे असते, कोणाला सैन्यात, आणि सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र चाकुरातच असल्यामुळे गणवेशाचे आकर्षण या मुलांना लहानपणापासून घरच्यासारखे असते. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना 1600 मीटर आणि महिलांना 800 मीटर धावावे लागते, तेथे एकेका सेकंदाला गुण जोडलेले असतात, आणि घरच्या कोरडवाहू जमिनीच्या उत्पन्नावर दुसऱ्या वर्षाच्या तयारीचा भार टाकणे बहुतेकांना शक्य नसते. अशा वेळी पोटात चहाच्या घोटापलीकडे काही नसलेला एखादा मुलगा शेवटची फेरी जीव खाऊन मारतो, पुलाच्या कठड्यावर येऊन बसतो आणि दोन्ही तळहातांनी कानशिले घट्ट दाबून धरतो. त्याची कानशिलावरची शीर टरारलेली दिसते. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मस्तक ठणकते, उजेड डोळ्यांना सोसवत नाही आणि मळमळते. सोबती भोवती जमतात. एक म्हणतो, “काही होत नाही, सवय पडती.” दुसरा खिशातून पाकीट काढून म्हणतो, “गोळी खा अन् पळ.” तिसरा, बहुधा वयाने थोडा मोठा, म्हणतो, “सोड की हा नाद, शेती काय वाईट आहे?” हे तीन सल्ले सहज दिलेले असले तरी त्यांच्यामागे तीन जीवनदृष्टी उभ्या आहेत, म्हणून प्रत्येकीचा स्वतंत्र विचार करणे इष्ट आहे.

पहिला सल्ला सोसण्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा मुळीच नाही. सोसण्याच्या सामर्थ्यावाचून मराठवाड्यातला मनुष्य टिकलाच नसता. 1972 च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडणारे हात, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने घर जमीनदोस्त केल्यावर पुन्हा भिंत उभारणारे हात, आणि 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी येईपर्यंत घागर घेऊन रांगेत उभे राहणारे हात एकाच परंपरेतले आहेत. जांबेस जन्मलेल्या समर्थ रामदासांनी गावोगावी मारुती स्थापून बलोपासनेला धर्माची प्रतिष्ठा दिली. आणि निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडसारख्या गावातून निघून 1969 साली महाराष्ट्र केसरीची गदा पटकावणाऱ्या हरिश्चंद्र बिराजदारांचे नाव लातूर जिल्ह्यातल्या तालमींत आजही आदराने घेतले जाते, ते त्या गदेमागे उपसलेल्या कष्टांमुळेच. तेव्हा ‘सवय पडती’ म्हणणाऱ्या मुलाच्या मुखातून एका मोठ्या परंपरेचा अर्धा भाग बोलत असतो. मांड्या भरून येणे, दंड दुखणे, छाती भात्यासारखी चालणे या गोष्टींची सवय पडते हे खरेच आहे. पण डोक्यात उठलेला ठणका या जातीचा आहे काय, हे पाहिल्यावाचून त्यालाही त्याच रांगेत बसविणे हा न्याय नव्हे.

शरीरशास्त्राचे याविषयीचे म्हणणे थोडक्यात असे आहे. खुद्द मेंदूच्या गाभ्याला वेदना कळत नाही. कळते ती त्याच्याभोवतीच्या आवरणांना आणि रक्तवाहिन्यांना. तीव्र श्रमात या वाहिन्या रक्ताने तुडुंब होतात, आणि वजन उचलताना किंवा बैठकीतून उठताना श्वास कोंडून धरला तर छातीतला दाब एकाएकी वाढून मस्तकाकडून हृदयाकडे परतणारे रक्त अडते, कवटीच्या आतील दाब चढतो आणि ठणका सुरू होतो, असे मानले जाते. फ्रेंच वैद्य ज्यूल तिनेल यांनी 1932 साली श्रमाने उठणाऱ्या या शिरोवेदनेचे वर्णन करून तिच्याकडे लक्ष वेधले. आजच्या वर्गीकरणानुसार ती तीव्र श्रमाच्या वेळी किंवा त्यानंतरच उठते, अठ्ठेचाळीस तासांच्या आत शमते, आणि उष्ण हवेत तसेच समुद्रसपाटीपासून फार उंच असलेल्या प्रदेशात अधिक आढळते. चैत्र-वैशाखात लातूर-नांदेडकडे सकाळी आठ वाजताच जे ऊन तापते, त्यात रिकाम्या पोटाने आणि कोरड्या घशाने धावणाऱ्या मुलाला ती गाठते यात नवल नाही. तथापि पुष्कळदा निरुपद्रवी असणारी हीच वेदना क्वचित मेंदूतील रक्तस्रावाची किंवा मानेतील रक्तवाहिनीला पडलेल्या चिरेची पहिली खूण असते, आणि दोहोंतला भेद नुसत्या सोसण्याच्या बळावर कोणालाही कळत नाही. सोसण्याच्या तत्त्वज्ञानाची मर्यादा येथे उघडी पडते: जे काय आहे हे ठाऊक नाही ते सोसण्यात पराक्रम नाही, केवळ अज्ञान आहे.

ही मर्यादा स्वतःच्या देहावर अनुभवून निवाडा देणारा सर्वांत थोर साक्षीदार भगवान बुद्ध होय. पाली त्रिपिटकातील महासच्चक सुत्तात गौतमाच्या उग्र तपाची हकिगत त्याच्याच मुखाने आली आहे. तोंडाने आणि नाकाने श्वास कोंडून ध्यान करण्याचा प्रयत्न त्याने केला तेव्हा कानांतून वाऱ्याचा घोर नाद उठू लागला, आणि पुढे मस्तकात तीक्ष्ण शस्त्राने भेदल्यासारख्या व डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारख्या वेदना झाल्या, असे तेथे सांगितले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निर्वाणानंतर 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथातही हा प्रसंग गाळलेला नाही. गौतमाच्या अंगी सोसण्याची कमतरता होती असे कोणी म्हणू शकणार नाही. त्या वेदनेनंतरही त्याने अन्न कमी करून देह अस्थिपंजर होईपर्यंत तप चालविले. पण अखेरीस त्याने जो प्रश्न स्वतःला विचारला तो असा, की एवढ्या दुःखाने आपण इष्ट ज्ञानाच्या जवळ गेलो आहोत की नाही. उत्तर नकारार्थी आले; बालपणी जांभळीच्या शीतल छायेत सहजपणे लाभलेल्या एकाग्रतेची त्याला आठवण झाली, आणि त्याने अन्न ग्रहण केले. पाच सोबती त्याला भ्रष्ट समजून सोडून गेले. सोबत्यांच्या दृष्टीने नादान ठरण्याची तयारी ठेवून साधनेची रीत बदलणे हे वेदना सोसण्याहून अवघड धैर्य आहे, आणि पुलाच्या कठड्यावर बसलेल्या मुलाला नेमके त्याच धैर्याचे काम असते.

दुसरा सल्ला गोळीचा, आणि तो अलीकडे सर्वांत लोकप्रिय झाला आहे. औषधाचा मी शत्रू नाही. वैद्याने कारण शोधून दिलेली गोळी ही उपकारक वस्तू आहे, आणि या विशिष्ट डोकेदुखीवर गुणकारी ठरणारी औषधेही आहेत. आक्षेप आहे तो धावण्यापूर्वीच गोळी घेऊन वेदनेचे तोंड बांधण्यावर. वेदना ही देहातली जागल्या आहे. रात्री पांढरीत काही वावगे दिसले तर पाटलाच्या दारी येऊन वर्दी देणे एवढेच तिचे काम, आणि वर्दी ऐकून झोपमोड झाली म्हणून जागल्यालाच कोठडीत घालणारा पाटील आपल्याच गावाचा घात करतो. शिवाय उपाशीपोटी आणि अंगातले पाणी आटलेले असताना घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडांना अपाय करू शकतात, हे नुकसान वेगळेच.

तिसरा सल्ला श्रम सोडून देण्याचा. त्यात काळजी आहे, आणि सल्ला देणाऱ्याने शेतीच्या कष्टांचा विसर पडू दिला आहे हेही खरे. परंतु तत्त्व म्हणून त्याचा विचार भगवद्गीतेने फार पूर्वीच केलेला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात देहातील भूतसमुदायाला आणि त्यात वसणाऱ्या परमात्म्यालाही पीडा देणारे, दंभ आणि अहंकार यांनी प्रेरित झालेले घोर तप आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. एवढेच वाचून जो थांबेल त्याला आळसाचा परवाना मिळाल्यासारखे वाटेल. पण लगेच पुढच्या, अठराव्या अध्यायात, देहाला क्लेश होतील या भीतीने कर्म टाकणाऱ्याचा त्याग राजस ठरवून त्याला त्यागाचे फळ लाभत नाही असे सांगितले आहे. म्हणजे गीतेने दोन्ही बाजूंचा मार्ग रोखून धरला: अहंकाराने देह झिजविणे वर्ज्य आणि भयाने कर्म सोडणेही वर्ज्य. सहाव्या अध्यायात आहार, विहार, निद्रा आणि जागृती यांत युक्त राहणाऱ्याचाच योग दुःखनाशक होतो असे म्हटले आहे, आणि मधला मार्ग हाच आहे हे त्यावरून दिसते. मात्र हा मधला मार्ग सकाळच्या धावण्यात नेमका कोठे सापडावयाचा, हे तपशिलाने सांगणे गीतेचे काम नव्हते. ते काम चरकाने केले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय मला या बाबतीत आपल्या वाङ्मयातला एक अपूर्व दस्तऐवज वाटतो. त्या अध्यायाची सुरुवात अशा तेरा शारीरिक वेगांनी होते की जे उत्पन्न झाले असता शहाण्याने अडवू नयेत. मलमूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, अश्रू, निद्रा ही त्यांतली नावे कोणालाही सुचतील. परंतु त्या यादीच्या शेवटी श्रमाने लागलेली धाप आहे, आणि येथे वाचक थबकतो. लागलेली धाप दाबू नये, श्वासाला वाट करून द्यावी, ही आज्ञा आणि वजन उचलताना श्वास कोंडल्याने मस्तकातला दाब वाढतो हे आधुनिक शास्त्राचे म्हणणे ही एकमेकांची भाषांतरे आहेत असा दावा मी करणार नाही. पण दोहोंचा व्यवहारातला निष्कर्ष एकच आहे, आणि तालमीतला जाणता वस्तादही जोर मारताना श्वास सोडावयास सांगतो तो याच अनुभवावरून. तेरा वेग सांगून चरक थांबत नाही. लगेच तो दुसरी यादी देतो, ती अडवावयाच्या वेगांची: लोभ, शोक, भय, क्रोध, अभिमान, ईर्ष्या, आणि या सर्वांच्या अगोदर अविचाराने केलेली साहसे, मग ती मनाची असोत, वाणीची असोत वा कायेची असोत. पुढे त्याच अध्यायात व्यायामाचे गुण सांगून तो बजावतो की व्यायाम, वाटचाल, जागरण इत्यादी गोष्टी अंगवळणी पडलेल्या असल्या तरी बुद्धिमंताने त्यांचा अतिरेक करू नये. हत्तीला ओढू जाऊन एकाएकी प्राणास मुकणाऱ्या सिंहाचा दाखला त्याने तेथे दिला आहे. ‘सवय पडती’ या युक्तिवादाचे याहून नेमके खंडन मला ठाऊक नाही.

या दोन याद्या शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे अतिश्रमाच्या डोकेदुखीचा धार्मिक अर्थ स्पष्ट होतो. ज्या मुलाचे मस्तक ठणकते आहे त्याने बहुधा याद्यांची अदलाबदल केलेली असते: तहान लागली असता ती दाबली, भूक दाबली, भरतीच्या चिंतेने रात्रीची झोप दाबली, आणि शेवटच्या फेरीत धापही दाबली, आणि जे धरावयाचे ते, म्हणजे शेजारच्या गावच्या मुलाविषयीची ईर्ष्या, मागे पडण्याचे भय, मोबाइलवर आपली वेळ सर्वांना दाखविण्याचा अभिमान, हे मात्र मोकाट सोडले. देहाचे न्याय्य हुकूम मोडावयाचे आणि मनाच्या बेकायदा हुकमांची तामिली करावयाची, असा हा उलटा अंमल आहे. तपस्वी आणि आततायी या दोघांच्याही अंगातून घाम गळतो, म्हणून बाहेरून ते सारखेच दिसतात. कोणी काय धरले आहे आणि काय सोडले आहे, एवढ्यावरून त्यांचा निवाडा होतो. संयम म्हणजे देहाला दाबणे असे समजणाऱ्यांनी चरकाचा हा अध्याय अवश्य वाचावा, कारण त्याच्या हिशेबी संयमाचे खरे क्षेत्र मन हे आहे.

लातूरच्या भूमीला लागूनच असलेल्या बसवकल्याणच्या शिवशरणांनी बाराव्या शतकात कष्टाला, म्हणजे त्यांच्या भाषेत कायकाला, ईश्वरपूजेची योग्यता दिली, आणि या भागातल्या वीरशैव घरांत तो विचार अजून जिवंत आहे. पण कष्टाचे माहात्म्य गाणाऱ्या त्याच परंपरेत आयदक्की लक्कम्माची कथा आहे, ती विसरता कामा नये. तिचा पती मारय्या कल्याण नगरीत सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणी आणि त्यावर त्या दोघांचा निर्वाह व दासोह, म्हणजे अन्नदान, चाले. एके दिवशी त्याने नित्यापेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले, तेव्हा लक्कम्माने त्याला जादा आणलेले जेथून आणले तेथे परत टाकून येण्यास सांगितले. श्रम थोडे झाले म्हणून तिने पतीला दोष दिला नाही. श्रमात लोभ शिरला म्हणून दिला. एकाच दिवसात चार दिवसांची मजल मारू पाहणाऱ्या धावपटूला ही स्त्री काय म्हणाली असती, ते सांगावयास नको.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: मर्यादेचा हा उपदेश ऐकून किती मुलांच्या हातून भरती निसटेल? चाचणीतले सेकंद चरकाला ठाऊक नव्हते. त्याचे उत्तर आयुर्वेदातच आहे. वाग्भटाने बलवान मनुष्याला थंडीच्या दिवसांत आणि वसंतात अर्ध्या शक्तीने व्यायाम सांगितला आणि एरवी त्याहून कमी. सुश्रुताने या अर्ध्या बळाची खूण अशी दिली की व्यायाम करता करता हृदयस्थ वायू मुखावाटे येऊ लागतो. ही अर्धी शक्ती म्हणजे कायमची ठरलेली सरकारी रक्कम नव्हे. आज ज्याचे बळ थोडे त्याचे अर्धे थोडे. सहा महिन्यांनी बळ दुणावले की अर्धेही दुणावते, म्हणून मर्यादेने चालणारा मागे पडत नाही, तो उशिरा पोहोचतो इतकेच, आणि पुष्कळदा अतिरेक करून अंथरूण धरलेल्याच्या अगोदरच पोहोचतो. स्पर्धेच्या दिवशी शक्तीची परिसीमा गाठावी लागते हे कोणी नाकारीत नाही. पण परिसीमा हा सणाचा दिवस आहे, तो रोज साजरा करावयाचा नसतो. अंगवळणी पडलेली गोष्ट बदलताना एकेका चतुर्थांशाने बदलावी, हा क्रमही चरकाने त्याच सातव्या अध्यायात घालून दिला आहे, आणि धावण्याचे अंतर वाढविण्यास त्याहून चांगला शिरस्ता दुसरा नाही. चाकूर तालुक्यातच वडवळ नागनाथजवळ वनौषधींसाठी प्रसिद्ध असलेले संजीवनी बेट आहे. उत्तरा नक्षत्रात आरोग्याच्या श्रद्धेने तेथे येणारी माणसे त्या टेकडीवर चालतात, बसतात आणि पुन्हा चालतात. तेथल्या वनस्पतींच्या गुणांविषयी मतभेद असू शकतील, पण श्रम आणि विसावा यांचे जे प्रमाण ती माणसे पाळतात ते भरतीच्या मैदानानेही उसने घेण्यासारखे आहे.

आता व्यवहाराविषयी चार शब्द. धावण्यापूर्वी काही वेळ चालून आणि अंग मोकळे करून घ्यावे, एकदम वेग धरू नये. पहाटे नुसत्या चहावर न निघता थोडी भाकरी, केळे किंवा गूळ-शेंगदाणे पोटात घालावेत. पाणी अगोदर आणि मधूनमधून प्यावे. उन्हाळ्यात ऊन चढण्याच्या आत सराव आटोपता घ्यावा. जोर, बैठक आणि वजन यांत जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडावा. आणि ठणका उठला की त्या दिवसापुरते थांबावे. एवढ्याने बहुतेकांचे काम भागते. पण अशी डोकेदुखी आयुष्यात प्रथमच उठली असेल, तर ती शमली तरी डॉक्टरांना दाखवावी. ती विजेच्या वेगाने क्षणार्धात टोकाला पोहोचली असेल, मान ताठली असेल, वांती होत असेल, शुद्ध हरपली असेल, एकाचे दोन दिसत असतील, हातपाय लुळे पडले असतील किंवा दोन दिवस उलटूनही ती थांबत नसेल, तर एक क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. पन्नाशी उलटलेल्या मनुष्याचे डोके चालताना वा जिना चढताना दुखून विसाव्याने थांबत असेल, तर त्याने हृदयाचीही तपासणी करून घ्यावी, कारण क्वचित हृदयाचा विकार मस्तकाच्या मार्गाने प्रकट होतो.

देह हा ईश्वराने दिलेला आहे असे मानणारा आस्तिक असो, वा तो निसर्गाने घडविला असे मानणारा नास्तिक असो, दोघांवरही त्याची जबाबदारी सारखीच आहे. तो उधळण्याची मुभा कोणालाच नाही, आणि गंजू देण्याचीही नाही. म्हणून तालमीतल्या वस्तादांना, भरतीचे वर्ग चालविणाऱ्या शिक्षकांना आणि मैदानावरच्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती आहे, की डोके दुखते असे सांगणाऱ्या मुलाला भित्रा म्हणू नये. त्याला सावलीत बसवावे, पाणी द्यावे, काय खाऊन आला आणि किती झोपला ते विचारावे, आणि अशी दुखण्याची पहिलीच वेळ असेल तर त्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्यावे.